इर्जिकचं बटण

पैलेच सांगून ठेवते, मले त्या खेळाचा भयंकर राग होता. पन्नाशी उलटलेला माणूस, मंगरूळपीरच्या बसस्टँडमांगं झेरॉक्सचं दुकान, घरी आलेल्या सोयऱ्यासंग दोन शब्द बोलत नाई, अन् रैवारी दुपारी शटर अर्धं खाली ओढून राक्षस मारून राह्यला! माहा नवरा तो. जगदेव. नाव घेतलं तं घेतलं. समोर मी त्याले 'तुमी'च म्हणते, पण गोष्ट सांगताना एवढा मान देत बसली तं गोष्ट सांगून होणार नाई.

माहा भाचा पवन पुण्याले शिकाले होता. एका दिवाळीले आला अन् जाताना एक खोकं विसरून गेला. त्यात जाडजूड इंग्रजी पुस्तक, कायच्या कायच कोपरे असलेले फासे, अन् बोटाएवढ्या बाहुल्या. जगदेवनं डिक्शनरी घेऊन ते पुस्तक वाचलं, अन् वाचल्यावर तिघं जण जमवले. झालं. तवापासून माह्या घरचा रैवार गेला.

खेळ असा हाये. एक जण गोष्ट सांगते, बाकीचे त्या गोष्टीतले माणसं होतात. समोर दरी आली, उडी माराची का नाई हे ज्याचं त्यानं ठरवाचं, उडी पुरली का नाई हे फाश्यानं ठरवाचं. सांगणारा कधी वाघ होते, कधी राजा, कधी वादळ. बस, एवढंच. मी म्हणे, एवढ्यासाठी गावात लहान लेकरं काय कमी हायेत?

अन् खेळणारे पाहा कोण. भाऊसिंग, मालेगावकडच्या तांड्यावरचा, काळी-पिवळी चालवते. खेळात तो तलवार घेऊन सगळ्यात पुढं, म्हणून सगळ्यात पैले मरे. सुकेशनी, दवाखान्यात नर्स. दिवसभर लोकायले सलाइन लावते अन् रैवारी चोर होऊन कुलपं तोडते. तिसरा हरीओम, आसेगावचा, विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करते. खेळात मांत्रिक. गरीब पोरगा, मंत्रही असा म्हणे जसा कोणाले पत्ता विचारून राह्यला.

या खेळाचं मोबाइलवर ॲप हाये. कोणाचा किती जीव उरला, कोणाजवळ कोणतं हत्यार, नकाशा कुठवर उघडला, सारं त्यात. सुकेशनी त्या ॲपची मोठी जाणकार अन् मोठी वैरीण. "काकू, याच्यात मराठी नाई. काकू, नेट गेलं का सारं ठप्प. काकू, याच्यात घोडा हाये पण बैलगाडी नाई." मी म्हणे, मंग फेकून दे ना बाई, काहून जीव जाळून घेतं? पण तिचा सगळ्यात मोठा राग येगळाच होता. त्या ॲपात इर्जिकचं बटण नव्हतं.

इर्जिक म्हणजे, एखाद्याची पेरणी मांगं पडली, बैल मेला, घरात दुखणं आलं, तं साऱ्यायनं आपापलं औत घेऊन त्याच्या वावरात उतराचं. एका दिवसात काम उरकाचं, अन् त्यानं साऱ्यायले पोटभर जेवाले घालाचं. आमच्या इकडची जुनी रीत हाये. खेळातही तसंच, जगदेव म्हणे पुस्तकातच लिवलं हाये. कोणाचा जीव संपून तो आडवा झाला, तं दुसऱ्यानं टेबलावर हात ठेवून "इर्जिक!" म्हणाचं. मंग साऱ्यायनं आपापली पाळी त्याले देऊन टाकाची, त्याच्यासाठी फासे टाकाचे. वाचला, तं पुढच्या रैवारी त्यानं खाऊ घालाचं. भाऊसिंग इतक्यांदा मेला का आमच्या घरी आलूबोंड्याले कधी कमी पडली नाई. पण ॲपले हे समजे ना. सुकेशनीले खोटे आकडे टाकून मेलेला माणूस उठवा लागे.

मी आतमंधी सयपाकघरात. ऐको नाई, कानावर पडे. आता खरं सांगते, घरात 'हं' अन् 'नाई' याच्यावर भागवणारा हा माणूस, त्या टेबलापाशी बसला का असा बोले का पाणी भरता भरता माहा हात थांबे. चकवा लागून माणसं रानात गोल गोल फिरतात, ते तो सांगे, तवा मले आपल्याच घराचं दार कोणत्या बाजूले हाये असं होऊन जाये. अन् ऐन मोक्यावर तो थांबे. काही बोलेच नाई. पंखा तेवढा कुरकुर करे. माह्या कितीतरी पोळ्या त्या थांब्यापायी करपल्या.

त्या गोष्टीत एक नदी होती, अन् नदीवर डोंगा चालवणारी एक म्हातारी. भल्ली तोंडाळ. तिघायले पार नेण्याआधी तोंडानं असं काही झोडपे का विचारू नका. ती आली का हे तिघं हसून हसून लोळत. मले काही त्यात हसण्यासारखं वाटे नाई. बाई बरोबरच बोले. अन् पार न्याले ती दुसरं काही मांगे नाई, फक्त म्हणे, "परत येतो म्हण. त्याबिगर दोर सोडत नाई."

मंग खर्रा नडला. जवानीपासून चोवीस घंटे तोंडात तो तंबाखू-सुपारीचा खर्रा, किती सांगतलं, किती भांडली. गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशनच्या खोलीत नेत होते तवा मी त्या ढकलगाडीची दांडी धरून ठेवली. म्हणलं, "परत येतो म्हणा, तवाच सोडीन." तो हसला. म्हणे, "येतो."

त्याच्या आवाजातला तो शेवटचा शब्द. जीव वाचला, आवाज गेला. आता गळ्याले भोक हाये, श्वास तिथून. गळ्याले लावून बोलाची मशीन मिळते, तीही आणली. एकदा लावली, अन् आपलाच तो खरखर आवाज ऐकून त्यानं ती कपाटात ठेवून देली. राग कोणावर काढू? खर्रावाल्यावर काढला. भर चौकात त्याले असं धुतलं का त्यानं दोन दिवस टपरी उघडली नाई.

दुकान इशाऱ्यानं, लिहून चाले. पण माणूस घरात नव्हता. भिंतीकडे तोंड करून बसे. जेवा म्हणलं तं जेवे, झोपा म्हणलं तं झोपे. एक दिवस त्यानं ते खोकं खाली काढलं, दोरीनं करकचून बांधलं, अन् मोबाइलवर लिहून मले दाखवलं. 'हे हरीओमले देऊन टाक.'

ज्या खोक्याले इतके वर्षं शिव्या घातल्या, ते घरातून चाललं म्हणून मले रडू येईन, असं कोणी म्हणलं असतं तं मी त्याच्या तोंडावर हसली असती. पण मले पक्कं कळलं, खोकं गेलं का हा माणूसही गेला. मंग नुसतं शरीर संभाळा.

मी सुकेशनीले फोन लावला. "बाई, त्या तुह्या ॲपातून ह्यायले बोलवता येते का काही?"

"येते ना काकू! वाचून दाखवाचं बटण हाये. काका लिहितीन, ॲप बोलन."

रैवारी तिघं आले. जगदेवले मी जवळपास ओढतच टेबलापाशी आणलं. सुकेशनीनं बटण काढलं. दुनियाभरच्या भाषा होत्या त्यात, मराठी नव्हती. मंग हिंदी लावली. जगदेवनं लिहिलं, अन् मोबाइल बोलाले लागला. अवो माय! स्टेशनावरच्या भोंग्यातली बाई. चकवा मांगं उभा हाये, हेही तिनं असं सांगतलं जशी गाडी फलाटावर लागून राह्यली. जगदेवनं मधात ठिपके देले होते, थांबासाठी. ती कायले थांबते? धडाधडा पुढं. भाऊसिंगले हसू आलं, त्यानं ते खोकल्यात लपवलं. हरीओम पंख्याकडे पाहत बसला.

जगदेवनं मोबाइल बंद केला. खोक्याची दोरी घेतली, गाठ मारली अन् खोकं हरीओमकडे सरकवलं.

"काका, न्याले आज जमणार नाई," हरीओम म्हणे. "माह्या घरी जागा नाई." साफ खोटं. त्याच्या घरी दोन बैल राहातीन एवढी तं नुसती ओसरी हाये.

सुकेशनीचं मात्र डोकं फिरलं होतं. "मी कंपनीलेच लिहिते," म्हणे. ॲपात तक्रार कराची जागा असते, तिथी तिनं इंग्रजीत सारं ठोकलं. मराठी आवाज काहून नाई? मधात थांबाची सोय काहून नाई? अन् राग होताच, म्हणून हेही लिहिलं, का इर्जिक हा तुमच्याच पुस्तकातला नियम, त्याचं बटण तुमी काहून देत नाई?

पुढच्या रैवारी ती ड्युटीवरून थेट आली, आंगावर नर्सचे कपडे तसेच. मांगोमांग भाऊसिंग अन् हरीओम. जगदेव भिंतीकडे तोंड करून बसला होता.

"उत्तर आलं," सुकेशनी म्हणे, पण तिचा आवाज भलताच बारीक. "मराठी आवाज सध्या नाई, पुढं पाहू म्हणतात. थांबाचं कोणी आजवर मांगतलंच नाई म्हणे. अन् तिसरं..." ती जगदेवकडे पाहाले लागली. "ते लिहितात, इर्जिक नावाचा नियम आमच्या कोणत्याच पुस्तकात नाई. आमाले याच्याबद्दल काहीच माहीत नाई. हा नियम कुठून आला, कृपा करून सांगा."

"झूट बोलून राह्यले लेकाचे," भाऊसिंग भडकला. "पुस्तकात लिवलं हाये. जगदेवभाऊनं वाचून सांगतलं हाये आपल्याले. दर वेळी सांगतलं हाये."

सुकेशनीनं खोक्याची दोरी सोडली अन् पुस्तक काढलं. इतक्या वर्षात त्या पुस्तकाले जगदेवबिगर कोणाचा हात लागला नव्हता. एवढं जाड इंग्रजी पुस्तक कोण वाचते? काका म्हणतात पुस्तकात हाये, तं हाये. ती पानं पलटत गेली. एक, दोन, मंग भराभरा.

"चकवा नाई," ती म्हणे. "डोंगेवाली नाई. काका, याच्यात आपली नदीच नाई. याच्यात निरा बर्फ हाये. आपण तं कधी बर्फात गेलोच नाई!"

सारे जगदेवकडे पाहून राह्यले. त्यानं मान खाली घातली होती, चोरी करताना सापडल्यासारखी. मंग मोबाइल घेतला, हळूहळू लिहिलं, अन् सुकेशनीनं वाचलं. 'पुस्तक मले अर्धंच समजलं. बाकीचं मीच भरलं. झेरॉक्सवाल्याच्या मनातलं म्हणलं असतं तं तुमी बसले नसते.'

काय सांगू तुमाले! ते रान, त्या चकव्याच्या वाटा, ती नदी, ते राजे, त्यायच्या लढाया, ते सारं ह्या माणसानं उभं केलं होतं? ह्या, माह्या माणसानं? माह्या चुलीपासून चार हातावर बसून त्यानं अख्खी दुनिया रचली, अन् मी आतून काय ओरडत होती, तं चहा थंडा होऊन राह्यला! मी त्याच्याकडे अशी पाहत राह्यली जशी पैल्यांदा पाहून राह्यली. तेच टक्कल, तोच चष्मा, कानावर तोच पेन. अन् आत एवढं मोठं काही? कुठी ठेवलं होतं बापा यानं?

हरीओमले कंठ फुटला. "म्हणजे पूर्ण दुनियेत इर्जिक आपणच खेळतो? फक्त आपण?"

भाऊसिंगचे डोळे भरून आले होते. एवढा धिप्पाड गडी, त्यानं हळूच आपला पंजा टेबलावर ठेवला.

"इर्जिक," तो म्हणे.

"कोण मेलं?" हरीओम म्हणे.

"मेलं नाई. जगदेवभाऊ आडवे पडून राह्यले, दिसत नाई का तुले? माही पाळी त्यायची."

सुकेशनीनं हात ठेवला. हरीओमनं ठेवला. मोबाइल तिघायनं उलटे करून बाजूले सरकवले. जगदेव त्या तीन हातायकडे पाहतच राह्यला. मी दारात उभी, मनात म्हणलं, उठ रे बापा, उठ.

तो उठला. टेबलापाशी आला, बसला, बाहुल्या मांडल्या. मंग हात वर केला अन् बोटं असे हलवले, बारीक बारीक. अन् भाऊसिंग बोलाले लागला, "वारा सुटला. पानं वाजून राह्यले. सांजची येळ हाये." कसं कळलं त्याले? कळलं. इतके वर्षं ऐकलं होतं ना. जगदेवनं मूठ आवळली तं सुकेशनी वाघ झाली. त्यानं दोन बोटं टेबलावर चालवले तं हरीओम चकवा झाला, अन् अशा आवाजात बोलला का मीच दाराची चौकट धरली. हाच पोरगा मंत्र म्हणताना लाजे! आवाज तिघायचा, पण गोष्ट त्याची. कोणी चुकलं का तो मान हलवे, अन् ते सुधारून घेत. अन् ऐन मोक्यावर त्यानं तळहात दाखवला. थांबा.

सारे थांबले. पंखा कुरकुर करून राह्यला. तो थांबा तोच होता, जुना, जसाच्या तसा. त्याच्यासाठी त्याले कोणाच्याच आवाजाची गरज नव्हती. माह्या डोळ्यातून पाणी वाहून राह्यलं अन् मले पुसायचंही भान नव्हतं.

मंग नदी आली. जगदेवनं एक चिंचोका टेबलाच्या मधात ठेवला. तो म्हणजे डोंगेवाली. अन् तिघंही अडले. सुकेशनीनं मान हलवली. "हे आपल्याले जमणार नाई," म्हणे.

जगदेवनं मान वळवली अन् माह्याकडे पाह्यलं. मंग साऱ्यायनंच पाह्यलं.

"माह्याकडे काय पाहून राह्यले? मी नाई तुमच्या खेळात."

"वहिनी," भाऊसिंग म्हणे, "तुमी तं पैल्या दिवसापासून हायेत."

उलीसा येळ मले काही समजलं नाई. मंग समजलं. ती तोंडाळ, ती कजाग, ती प्रत्येकाले झोडपणारी म्हातारी! "म्हणजे इतके वर्षं तुमी माहं सोंग आणून राह्यले होते? अन् हे तिघं माह्याच घरात, माहाच चहा पिऊन, मलेच हसून राह्यले होते?"

जगदेवचे खांदे हलाले लागले. हसून राह्यला होता. आवाज नाई, नुसता गळ्यातून फुसफुस वारा, पण हसून राह्यला होता. ऑपरेशनपासून पैल्यांदा.

मंग माहं टाळकंच सरकलं. पदर खोचला अन् टेबलापाशी जाऊन उभी राह्यली. "ए! चपला काढा पैले! माह्या डोंग्यात चिखल घेऊन चढता? तुह्या बापानं सारवला होता का तो? अन् तू रे तलवारीवाल्या, सगळ्यायच्या पुढं कायले मराले जातं? घरी बायको-लेकरं नाईत का तुले? अन् तू पोरी, हात खिशात ठेव, माह्या वल्ह्यावर डोळा ठेवशीन तं नदीतच बुडवीन! अन् हा मांत्रिक, मंत्र म्हणते का माफी मांगते? पोट भरलं नसन याचं, घे, भाकर खा पैले."

तिघं हसू हसू मेले. मले मात्र पुढचं आठवलं, ती म्हातारी शेवटी काय म्हणते ते. ते तिघायले म्हणाचं होतं. पण मी वळली ती जगदेवकडे. आयुष्यात पैल्यांदा चार लोकायत मी त्याले 'तू' म्हणलं.

"परत येतो म्हण. त्याबिगर दोर सोडत नाई."

त्याचं हसणं थांबलं. टेबलावरचे तिन्ही हात तसेच होते. त्यानं चौथा, आपला, त्यायच्यावर ठेवला. माह्याकडे पाहत तोंड उघडलं. आवाज कुठून येणार? पण ओठ हलले, नीट, साफ.

येतो.

मी म्हणलं, "हं. मंग बसा डोंग्यात." अन् सयपाकघरात पळाली, काहून का मले हुंदका आवरे ना.

इर्जिकचा नियम नियम हाये. वाचलेल्यानं खाऊ घालाचं. पुढच्या रैवारी हरीओमच्या आसेगावच्या वावरात जगदेवनं एकट्यानं कणकेचे रोडगे केले. ज्या माणसानं जन्मात चहा केला नाई, तो गोवऱ्यायच्या धुरात डोळे पुसत रोडगे भाजून राह्यला! अर्धे करपले. वांग्याच्या भाजीत मीठ विसरला. सुकेशनी तिथीच बसून कंपनीले इर्जिक समजावून लिहीत होती. दोनदा खोडलं, अन् शेवटी म्हणे, काकू, यायले एकदा जेवालेच बोलवा लागन.

जगदेवनं पैलं ताट भरलं अन् सारे बसलेले सोडून माह्यासमोर आणून ठेवलं. मले कसंतरीच झालं. सासू असती तं काय म्हणली असती?

"बायकोले पैले वाढाचं," मी म्हणलं, "हे कुठी लिवलं हाये?"

त्यानं राखेचे हात पुसले, पिशवीतून ते जाडजूड पुस्तक काढलं, अन् त्यावर बोट ठेवलं.